चौथीच्या मुलांना 'लेखकाचं म्हणणं' आणि 'पुरावा' वेगळे कसे दाखवावेत?

शिवडीची बाई

नमस्कार मंडळी. मी शिवडीला एका मराठी माध्यमाच्या शाळेत चौथीचा वर्ग घेते. पटावर ३१ मुलं आहेत. सात-आठ जण अजून ओळीखाली बोट ठेवून वाचतात, पण वाचतात. माझी अडचण वाचून झाल्यावर सुरू होते.

उताऱ्याखाली 'पक्षी कुठे उतरतात?' असा प्रश्न असला की पटापट हात वर होतात. प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा आणि ते वाक्य वहीत उतरवायचं, हे त्यांच्या अंगवळणी पडलंय. पण 'लिहिणाऱ्याला आपल्याला काय पटवून द्यायचंय?' आणि 'त्यासाठी त्याने काय काय दाखवलंय?' असं विचारलं की वर्ग गप्प.

गेल्या आठवड्यात मीच एक उतारा लिहून फळ्यावर मांडला. खाडी मुलांच्या रोजच्या पाहण्यातली, म्हणून तोच विषय घेतला आणि वाक्यांना आकडे दिले:

(१) ओहोटीच्या वेळी शिवडीच्या खाडीत नुसता काळा चिखल दिसतो. (२) येणारेजाणारे नाकाला रुमाल लावतात. (३) पण हा चिखल म्हणजे पक्ष्यांसाठी वाढलेलं ताट आहे. (४) दर वर्षी थंडीत हजारो रोहित पक्षी या खाडीत येतात. (५) ओहोटी लागली की ते चिखलात उतरतात आणि चोच उलटी घालून बराच वेळ खात राहतात. (६) भरतीचं पाणी चढलं की मागे सरकतात. (७) त्यांची पिसं गुलाबी असतात. (८) याच खाडीच्या वरच्या अंगाला २०१५ पासून रोहित पक्ष्यांचं अभयारण्य आहे.

तिसरं वाक्य म्हणजे लेखकाचं म्हणणं, असं माझ्या मनात होतं. वह्या तपासल्या तर सगळ्यात जास्त मुलांनी लिहिलेलं, 'रोहित पक्षी गुलाबी असतात.' त्यांना तेच सगळ्यात आवडलं होतं. बऱ्याच जणांनी पहिलं वाक्य उतरवलं, कारण आधी आलं ते महत्त्वाचं. पुराव्याच्या जागी एका मुलाने लिहिलं, 'माझ्या पप्पांनी पण बघितलेत.' चुकीची खूण करायला पेन टेकवलं आणि थांबले. पप्पांनी बघितलेत, हा पुरावाच आहे की. फक्त तो उताऱ्यात नाही. हे त्याला कसं समजावू?

शब्दांचाही प्रश्न आहे. 'दावा' म्हटलं की मुलांना कोर्ट आठवतं आणि 'पुरावा' म्हटलं की पोलीस. एकीने खरंच विचारलं, "बाई, चोरी कुणी केली?"

तयार तक्ते मला नकोत, माझ्याकडे तीन पडून आहेत. तुम्ही वर्गात करून पाहिलंय असं काही सांगा. सुरुवात कुठून करू?

निवृत्त गुरुजी, लालबाग

बाई, उतारा आठवडाभर बाजूला ठेवा. आधी बोलण्यातून या.

आपल्याकडे या सगळ्यासाठी एक घरचा शब्द आहे: कशावरून. मुलं तो दिवसातून वीस वेळा वापरतात. माझ्या वर्गात एकदा दोघं पट्टीवरून भांडत आले. "सर, ही माझी पट्टी आहे." मी म्हटलं, कशावरून? तो म्हणाला, "माझीच आहे सर, खरंच माझी आहे." मी गप्प बसलो. मग त्याने पट्टी उलटी केली आणि दाखवलं, "मागे कर्कटकाने माझं नाव कोरलंय." मी तिथेच सगळ्या वर्गाला विचारलं, याने तीन वाक्यं बोलली, त्यातल्या कुठल्या वाक्याने तुम्हाला पटलं? सगळे म्हणाले, नाव कोरल्याचं. म्हणजे 'खरंच माझी आहे' हे पहिलंच वाक्य जोर लावून पुन्हा म्हटलेलं होतं. जोर म्हणजे पुरावा नव्हे, हे त्या दिवशी चौथीच्या मुलांना कळलं आणि मला ते समजावून सांगावं लागलं नाही. छापील उताऱ्यातसुद्धा अशी जोर लावलेली वाक्यं भरपूर असतात.

दुसरा शब्द 'म्हणे'. "उद्या सुट्टी आहे म्हणे." या एका 'म्हणे'त मूल सांगून टाकतं की हे दुसऱ्या कुणाचं तरी बोलणं आहे आणि मी ते तपासलेलं नाही. मी रोज सकाळी हजेरीनंतर पाच मिनिटं 'म्हणे'चा खेळ घेत असे. प्रत्येकाने आणलेलं एक 'म्हणे' सांगायचं, बाकीच्यांनी कशावरून ते विचारायचं. उत्तर नसलं तर वाक्याला 'म्हणे' चिकटलेलंच राहायचं. उत्तर पटलं तर 'म्हणे' काढून वाक्य पुन्हा म्हणायचं. 'म्हणे' निघालं की मुलं टाळ्या वाजवायची.

ही जोडी आपल्याकडे फार जुनी आहे. न्यायदर्शनात, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रात, अनुमानाची पाच अंगं सांगितली आहेत: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन. त्यातला डोंगराचा दाखला सगळ्यांना माहीत असतो. डोंगरावर आग आहे. कशावरून? धूर दिसतो. जिथे धूर तिथे आग, जशी स्वयंपाकघरात. मुलांना ही नावं सांगायची गरज नाही, पण मधली पायरी विसरू नका. धूर दिसला एवढ्याने भागत नाही, धुराचा आणि आगीचा संबंध कुणीतरी बोलून दाखवावा लागतो.

शेवटची दोन वर्षं मी डोंगराच्या जागी देवनारचं डम्पिंग, म्हणजे मुंबईचा कचरा टाकायची जागा, घेत असे. जानेवारी २०१६ मध्ये तिथे आग लागली तेव्हा धूर इतका होता की उपग्रहाच्या छायाचित्रातही दिसला. मुलांना ते लगेच समजायचं. मग एक पोरगा म्हणाला, "पण सर, थंडीत धुकं पण तसंच दिसतं." त्याला मी पुढे बोलावलं आणि तेच वाक्य सगळ्यांना पुन्हा ऐकवायला लावलं. पुराव्याची शहानिशा करायची असते, हा पुढचा धडा त्यानेच सुरू करून दिला.

विक्रोळीची मराठीची शिक्षिका

गुरुजींच्या 'कशावरून'ला पूर्ण अनुमोदन. माझा सल्ला आहे की मुलांसमोर 'म्हणणं' आणि 'आधार' हे दोनच शब्द ठेवावेत. 'कशाच्या आधारावर म्हणतोस?' हे आपण एरवीही बोलतो. दावा, पुरावा पुढे येतीलच. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांनी स्वीकारलेल्या २०१० च्या 'कॉमन कोअर' या इयत्तावार अपेक्षांच्या आराखड्यातही असंच आहे. चौथीत लेखकाने मुद्द्याला कारणं आणि पुरावे कसे दिले ते सांगायचं, पाचवीत कुठला पुरावा कुठल्या मुद्द्याचा ते ओळखायचं. वाचनाच्या या अपेक्षेत 'दावा' हा शब्द सहावीला येतो आणि आधार असलेले, नसलेले दावे वेगळे करणंही तिथेच. तुमची मुलं चौथीची आहेत, घाई नको.

पण मला जास्त काळजी वाटते ती आपल्या 'कारण' या शब्दाची. मी या शब्दावर दोन वर्षं अडखळले, म्हणून सविस्तर लिहिते.

ही दोन वाक्यं बघा.

'रात्री आमच्या गल्लीत पाणी भरलं, कारण गटार तुंबलं होतं.'

'रात्री आमच्या गल्लीत पाणी भरलं असणार, कारण भिंतीवर गुडघाभर उंचीवर ओली रेघ आहे.'

दोन्हीकडे 'कारण'. पण पहिल्या वाक्यात पाणी का भरलं ते सांगितलंय. दुसऱ्यात पाणी भरलं हे आपल्याला कशावरून कळलं ते सांगितलंय. ओल्या रेघेमुळे काही पाणी भरत नाही. पहिलं 'का'चं उत्तर, दुसरं 'कशावरून'चं. आपण वर्गात 'लेखकाने कोणती कारणं दिली?' असं विचारतो आणि मुलं 'का'ची उत्तरं आणतात. मग आपण त्यांना चूक देतो. चूक आपल्या प्रश्नात असते.

मी आता असं करते. मुलांनी 'कारण' शब्दाखाली रेघ मारायची आणि ते वाक्य दोन प्रश्नांना लावून बघायचं: का? की कशावरून? 'असणार', 'असावा', 'दिसतंय' अशी क्रियापदं आली तर बहुतेक वेळा 'कशावरून' असतं. "पाऊस पडून गेला असावा, रस्ता ओला आहे." ही क्रियापदं मुलांना आईच्या बोलण्यातून आधीच येतात, आपण फक्त त्यांच्याकडे बोट दाखवायचं.

आणखी एक. उताऱ्याची वाक्यं वेगवेगळ्या पट्ट्यांवर लिहा. म्हणणं मध्ये ठेवा आणि एकेक पट्टी काढून बघायला सांगा. पट्टी काढल्यावर म्हणणं लंगडं पडलं तर तो आधार. काहीच बिघडलं नाही तर ती नुसती माहिती. फळ्यावर हे होत नाही, हाताने पट्टी उचलावी लागते. कॅलेंडरची जुनी पानं यासाठी उत्तम, मागची बाजू कोरी आणि कागद जाड.

पप्पांच्या साक्षीबद्दल: तिला चूक देऊ नका. वहीत दोन रकाने करा, 'लेखकाचा आधार' आणि 'माझा आधार'. पप्पा दुसऱ्या रकान्यात. मुलाचा मान राहतो आणि उतारा कुठे संपतो तेही त्याला दिसतं.

वरळीकर

मी शिक्षक नाही, पण राहवलं नाही म्हणून लिहितो. आमच्या घरी मासळीचा धंदा. बाजारात प्रत्येक कोळीण म्हणते, ताजं आहे. जाणतं गिऱ्हाईक तिच्या बोलण्याकडे बघत नाही, कल्ला उघडून लाल आहे का बघतं, डोळा चकचकीत आहे की आत बसलाय ते बघतं, बोटाने दाबून खड्डा राहतो का ते बघतं. आमची पोरं सहाव्या-सातव्या वर्षी हे शिकतात. शिवडीत भाऊच्या धक्क्याची मासळी येत असणार, तुमच्या वर्गातल्या निम्म्या पोरांनी हे बघितलेलं असेल. त्यांना विचारा, मावशी म्हणते ताजं आहे, तुम्ही कशावरून मानणार?

कुर्ल्याचे सर

थोडं वेगळं मत मांडतो, राग मानू नका. ज्या वर्गात सात-आठ मुलं बोट ठेवून वाचतात तिथे आधी वाचन ओघवतं करावं असं मला वाटतं. मूल अक्षरं जुळवण्यात दमलेलं असतं, वाक्याच्या शेवटाला येईपर्यंत सुरुवात विसरलेलं असतं. त्याला लेखकाचं म्हणणं काय विचारणार? माझ्याकडे पाचवीला अशी मुलं येतात. मी पहिले चार महिने फक्त वाचून घेतो. मला हा विषय महत्त्वाचा वाटत नाही असं नाही, पण क्रम महत्त्वाचा.

निवृत्त गुरुजी, लालबाग

सर, तुमची काळजी खरी आहे, पण त्या सात-आठ मुलांना चार महिने थांबवू नका. उतारा तुम्ही वाचून दाखवा, त्यांना कानाने ऐकू द्या. ऐकून विचार करायला अक्षरं लागत नाहीत. 'म्हणे'च्या खेळात माझ्याकडे सगळ्यात पुढे असायची ती वाचनात मागे असलेलीच मुलं. वाचनाचा सराव वेगळ्या तासाला चालू राहू दे. दोन्ही शेजारी शेजारी चालतात.

पाचवीची आई, भांडुप

माझी मुलगी शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी करतेय. तिथेही उतारे असतात, खाली चार पर्याय. ती दोन पर्याय बरोबर खोडायची आणि उरलेल्या दोनांत अडकायची. माझ्या लक्षात आलं की ते उरलेले दोन्ही पर्याय खरे असायचे. एक उताऱ्यातला, एक तिला आधीपासून माहीत असलेला. वर ताईंनी सांगितलेले दोन रकाने मी आजच सुरू करते.

आम्ही घरी केलेलं एक सांगते. एका बिस्किटाच्या पुड्यावर पुढे दुधाचा मोठा पेला काढलेला होता. मी तिला विचारलं, हा पुडा काय म्हणतोय? ती म्हणाली, "यात खूप दूध आहे." कशावरून? तिने पेल्यावर बोट ठेवलं. मी म्हटलं, चित्र तर तेच म्हणतंय, आधार कुठे? मग पुडा उलटा केला. मागे घटकांची यादी असते आणि आपल्याकडच्या नियमाप्रमाणे ज्याचं प्रमाण जास्त ते आधी लिहावं लागतं. पहिला मैदा, मग साखर, मग तेल. दुधाची पावडर बरीच खाली सापडली. ती पाच मिनिटं पुडा हातात घेऊन बसली होती. मग स्वयंपाकघरात जाऊन डब्यामागून दुसरा पुडा घेऊन आली.

पुढची बाजू म्हणणं, मागची बाजू आधार. तिला हे इतकं पक्कं बसलंय की आता उतारा वाचतानाही विचारते, "आई, याची मागची बाजू कुठे आहे?"

शिवडीची बाई

तीन आठवड्यांनी परत आले. सगळ्यांचे मनापासून आभार. काय घडलं ते लिहिते, कारण त्यातला एक तास मला विसरता येणार नाही.

पहिला आठवडा उतारा काढलाच नाही. फक्त 'म्हणे' आणि 'कशावरून'. मासळीचं विचारल्यावर इतके हात वर झाले की घंटा झाली तरी मुलं थांबेनात. एरवी तोंड न उघडणाऱ्या एका मुलीने कल्ला कसा उचलायचा ते हाताने करून दाखवलं. तिची आजी टोपली घेऊन दारोदार जाते. वाचनात ती मागे आहे. कुर्ल्याच्या सरांना हे मुद्दाम सांगते, वाचन मीही रोज वेगळं घेतेय.

दुसऱ्या आठवड्यात 'का' आणि 'कशावरून'. विक्रोळीच्या ताई, तुमची ओल्या रेघेची जोडी जशीच्या तशी वापरली. मी स्वतः इतकी वर्षं 'कारणं लिहा' म्हणत आले, मला कधी हे दिसलंच नव्हतं.

मग कॅलेंडरच्या पानांच्या पट्ट्या केल्या आणि खाडीचाच उतारा पुन्हा काढला. बाकं भिंतीला लावली आणि मुलं लाद्यांवर गोल बसली. तिसरी पट्टी मध्ये ठेवली. 'पक्ष्यांचं ताट' हे म्हणणं आहे, यावर या वेळी फार वाद झाला नाही. एकाने पहिली पट्टी पुढे केली तर बाजूचा म्हणाला, "ते तर सगळ्यांनाच दिसतं, ते कुणाला पटवायला लागतं का?" मला याहून चांगलं सांगता आलं नसतं.

मग एकेक पट्टी काढून बघायला लागलो. दुसरी काढली, काही बिघडलं नाही. पाचवी काढल्यावर मुलं ओरडली, "नाही, नाही, ती ठेवा!" आठव्या पट्टीवर दोन तट पडले. अभयारण्य आहे म्हणजे पक्षी आहेत हे कळतं, पण ते खातात हे कुठे कळतं, असं एका बाजूचं म्हणणं. ती पट्टी आम्ही थोडी लांब ठेवली.

सातवी काढली. पिसं गुलाबी असतात. काहीच बिघडलं नाही. ज्या मुलांनी तीन आठवड्यांपूर्वी तेच वाक्य उत्तर म्हणून लिहिलं होतं, त्यांनीच ती पट्टी बाजूला सरकवली. तेव्हा मी त्यांना एक गोष्ट सांगितली. रोहित पक्ष्याचं पिल्लू राखाडी असतं. तो गुलाबी रंग त्याला खाण्यातून मिळतो, पाण्यातली शेवाळं आणि बारीक जीव खाऊन खाऊन. एवढंच सांगून मी गप्प बसले.

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग त्या मासळीवाल्या आजीच्या नातीने बाजूला ठेवलेली सातवी पट्टी उचलली आणि परत तिसरीच्या शेजारी ठेवली. म्हणाली, "खाल्ल्याशिवाय गुलाबी होत नाहीत. म्हणजे खातात." गुरुजी, तुमची मधली पायरी. जी पट्टी नुसती माहिती होती ती एका वाक्यामुळे आधार झाली, आणि हे मुलीने स्वतः केलं.

तेवढ्यात पलीकडून एकजण म्हणाला, "पण बाई, ते दुसरीकडे खाऊन इकडे आले असतील तर?"

माझ्याकडे उत्तर तयार नव्हतं. मी सगळ्यांकडे बघितलं. ज्याच्या पप्पांनी पक्षी बघितलेत तो मुलगा गुडघ्यांवर पुढे सरकला, पाचवी पट्टी उचलली आणि मोठ्याने वाचली, "चोच उलटी घालून बराच वेळ खात राहतात." मग म्हणाला, "पोट भरलेलं असतं तर चोच चिखलात कशाला घालतील?" आणि त्याने ती पट्टी सातव्या पट्टीवर अर्धी चढवून ठेवली. दोन्ही मिळून एक आधार. असं काही होऊ शकतं हे मी त्यांना सांगितलेलं नव्हतं.

त्या रात्री घरी जाऊन मी त्यांच्या जुन्या वह्या पुन्हा काढल्या आणि मागे दिलेल्या काही चुकीच्या खुणा खोडल्या.

आता पुढची अडचण. मला असे उतारे हवेत ज्यांत म्हणणं आहे पण आधार नाही, किंवा आधार दुसऱ्याच कशाचा तरी आहे. जोर लावलेली वाक्यं असलेले तर हवेतच. भांडुपच्या ताईंच्या पुड्यापासून सोमवारी सुरुवात करतेय, मुलांना घरून एकेक रिकामा पुडा आणायला सांगितलाय. पण छापील मजकूरही लागेल. कुणी लिहिला असेल तर इथेच टाका. सहा-सात ओळींच्या वर नको, आणि विषय आपल्या आजूबाजूचा असला तर फार बरं.